सोबत कोण येणार

४ फेब्रु.
रजा टाकून अकोल्याले गेली. पोस्टात कारण लिहिलं : घरगुती. घरात मी एकटीच.
पाटीवर मोठ्या अक्षरात ‘कॉस्मेटिक सर्जन’. आतल्या डॉक्टरनं मोबाइलवर माझा फोटो सरळ नाकाचा करून दाखवला. पाहातच राह्यली. आठवीत हापशीचा दांडा लागून मोडलं, तेव्हापासून हे असंच वाकडं. “गुरुवारी करून टाकू, तासाभराचं काम.”
डिग्री विचारली. “मॅडम, रिझल्ट पाहा ना.” पुन्हा विचारली. त्वचेच्या इलाजाचा सहा महिन्यांचा कोर्स. सर्जन नाहीच.
उठून आली. पण हो म्हणायच्या बेतात होती, हे खरं.

७ फेब्रु.
मेडिकल कौन्सिलच्या यादीत नागपूरच्या एक डॉक्टरबाई सापडल्या. एम.एस., मग प्लास्टिक सर्जरीचं एम.सीएच. नोंदणी नंबर पोस्टातल्या रजिस्ट्रीच्या पाकिटासारखा दोनदा जुळवून पाह्यला.

१६ फेब्रु. नागपूर.
अशी किती ऑपरेशनं केली, भूल कोण देते, बिघडलं तर काय... सगळं विचारलं. डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. “सरळ होईल, पण फोटोतल्यासारखं होईलच असं नाही. सूज उतरायला वर्ष लागतं.” हे ऐकूनच भरवसा बसला.
“लग्नासाठी करताय?”
“नाही. एक्केचाळिसावं चालू हाय. मलेच आरशात पाहाचं हाय.”
मग म्हणाल्या, भूल देणार, सोबत माणूस लागेलच. कोण येणार?
“भाऊ,” म्हणून सुटली.

१९ फेब्रु.
भावाले पुण्याले फोन.
“ताई, या वयात कायले? कोण पाहून राह्यलं तुले?”
बरोबर बोलला. कोणीच नाही. स्वयंपाक केलाच नाही.

२३ फेब्रु.
दवाखान्यातून फोन : सोबतच्या माणसाचं नाव द्या, त्याशिवाय तारीख नाही. दुपारभर आठवत बसली कोणाले सांगावं. इथं रिठद गावात मले सगळे ओळखतात, पोस्टातली बाई म्हणून.
शेवटी शेजारच्या रुखसानाभाभीकडे गेली. ती ब्लाउज शिवून राह्यली होती. चार वर्षांच्या शेजारात तिच्या घरात पहिल्यांदा बसली. नाकाचं ऑपरेशन म्हटलं तर मशीन थांबवलं, माझ्या तोंडाकडे बारीक पाह्यलं.
“नाकाले काय झालं बाई तुमच्या?”
“वाकडं नाही का?”
“अल्ला! मले तर आत्ता दिसलं.”
मले हसू आलं. मग रडूच.
तिनं पाणी देलं. “यांना विचारते. किती दिवसाचे कपडे घेऊ?”
दवाखान्याले अजून नाव कळवलं नाही; आरसा घेऊन बसली हाय.