कपाटाचा हार

खंडेनवमी, संध्याकाळ

आमच्या गिरगावच्या वकिली ऑफिसात खंडेनवमीला झेंडूचा हार दरवर्षी फायलींच्या कपाटाला असतो. आज तो स्कॅनरला. आणि घालायला लावला कोणाला, तर मलाच. "राणेकाकू, आता हेच आपलं कपाट," म्हणाले धाकटे साहेब.

खरं कपाट जिन्यात उभं आहे, त्याला एक फूलसुद्धा नाही. त्यातली कुठलीही फाइल मी न बघता काढून द्यायचे. आता त्याच फायली दिवसभर मशीनला भरवते. त्या संपल्या की कपाट भंगारात. आणि मी? हार सुकेपर्यंत तरी ठेवतील का? हेच विचारायला तोंड उघडलं, तर साहेबांनी हसत पेढा भरवला. गिळला मुकाट्याने.