दहापैकी दोन

फ्रिस्को, २२ ऑक्टोबर

मिहीरदादा,
नमस्कार. वहिनी आणि आरोही मजेत ना? कागदावर लिहितोय म्हणून हसू नकोस. तुझी आई, आमची मावशी, माझा फोन उचलून वाचते आणि वर म्हणते, "चष्मा कुठे होता डोळ्यावर!"

इथे सगळं ठीक. म्हणजे, ठीकच. मी न्यू मेक्सिकोला निघालो होतो, माणसं बसवून उडवतात त्या मोठ्या फुग्यांवर काम मिळत होतं. ते राहू दे.

हॉस्पिटलवाले झिजलेल्या गुडघ्यांच्या पेशंटांसाठी नवा प्लॅन करतायत. मीटिंगला पेशंटांनाच बोलावतात, म्हणून मावशीला घेऊन मी जातो. मला पहिल्यापासून संशय. सँडविच फुकट, पार्किंग फुकट, कशाला? प्लॅन ऐकला आणि खात्रीच झाली: दुखणं कमी सांगेल त्याला फोनवर व्यायाम, जास्त सांगेल त्याला फिजिओ आणि सर्जन. डॉक्टरबाईंनी मावशीला विचारलं, दहापैकी किती दुखतं? तुझी आई हसून म्हणाली, "टू, डॉक्टर." बाहेर आल्यावर मी चिडलो, तर म्हणे, "अरे, इतकं गोड विचारलं तिनं. तिच्यापुढे काय रडायचं?"

मग मावशीवरच संशय. रोज मला आधी गॅरेजमध्ये पिटाळते, "तू गाडी काढ, आलेच मी." आणि येते केव्हातरी. परवा किल्ली विसरली म्हणून मी परत आलो. दादा, ती बसून जिना उतरत होती. एकेक पायरी, तोंडात ओढणी कोंबून. मला म्हणाली, "मिहीरला कळलं तर घर विकायला लावेल. शपथ आहे तुला."

तुमचं घराबद्दल काय बोलणं झालंय, मी विचारत नाही.

शपथ तुला न सांगण्याची होती, हॉस्पिटलला नाही. कालच्या मीटिंगमध्ये सांगून टाकलं. माझं इंग्लिश कसलं, तुला माहितीय. शेवटी जमिनीवर बसून सरकून दाखवलं. कुणी हसलं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, नुसता आकडा विचारणं बंद; पेशंटला जिना उतरताना बघायचं. खरंच करतील? पुढच्या मीटिंगला जाऊन बघणारच आहे मी, सँडविच न खाता.

मावशी कालपासून बोलत नाही. आज मात्र "गाडी काढ" म्हणाली नाही. जिन्यावर वरच उभी राहिली. मी हात पुढे केला.

आता तुला न सांगण्याची शपथही मोडली. फोनवर "कशी आहेस" विचारू नकोस, "मजेत" म्हणेल. घराचं काही बोलण्याआधी ये, आणि तिला जिना उतरताना बघ. येशील याची मला खात्री नाही.

तोवर कुठेही न जाणारा,
अनय