आप्पांची वीत

१२ जानेवारी
गिटार-वर्गात सर म्हणाले, "करंगळी ओढायची नाही, तिची वाट पाहायची." आरंभ पाचव्या पडद्यापासून, कारण तिथे पडदे जवळजवळ. चार पडद्यांवर चार बोटे बसली की एक पडदा मागे. पहिल्यापाशी अंतर सर्वाधिक. तिथून माझी करंगळी चौथ्याला पोचतच नाही. पट्टीवर वीत मोजली : साडेसतरा से.मी.

१५ जानेवारी
आप्पांचा, म्हणजे वडिलांचा, व्यायामही तोच निघाला! कोमट पाणी, तळवा टेबलावर, एकेक बोट सावकाश दूर. दिवाळीत अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा डावा हात मिटलेला. कापड धरणारा हात तोच; देवळाली कॅम्पातले शिलाईचे दुकान तेव्हापासून बंद. आजपासून एकत्र बसायचे ठरले.
आप्पा : "तुझी करंगळी आधी पोचती का माझी मूठ आधी उघडती, बघू. हरंल त्यानं चहा करायचा."
आई आतून : "म्हणजे मलाच."

२९ जानेवारी
तिसऱ्या पडद्यावर आले. वहीत वितीचे दोन रकाने : मी, आप्पा. पूर्वी ते कापड आधी वितीने मोजत, मग टेपने. दोन्ही मापे सारखीच भरत. आता त्यांच्या रकान्यात रोज तोच आकडा.

३ फेब्रुवारी
अपराध झाला. आकडा वाढावा म्हणून त्यांची बोटे मी जोराने उघडली. आप्पांनी भिंतीकडे तोंड केले. सायंकाळी हात सुजला. फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, "अगं, हात आहे तो, डब्याचं झाकण नाही."
सरांनी सांगितलेच होते. ते मी केवळ स्वतःच्या हातासाठी ऐकले.

९ फेब्रुवारी
सूज उतरली. कॅम्पातला एक जवान घरी येऊन दिवाळीपासून पडलेले, न शिवलेले कापड परत घेऊन गेला. आप्पांनी घडी एकाच हाताने घातली, आईला हात लावू दिला नाही. नंतर मला म्हणाले, "पाणी आण. बस."
मी वहीतला त्यांचा रकाना खोडला.

१७ फेब्रुवारी
सकाळी, आप्पा आंघोळीला गेले असताना, पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंत चारही बोटे पोचली. चारही सूर स्वच्छ. इतक्या दिवसांची इच्छा, आणि आनंद मात्र…
नंतर दोघे बसलो. करंगळी मुद्दाम अलीकडे ठेवली.
"पोचली का गं?"
"नाही, आप्पा."
पाण्यातल्या मुठीकडे पाहून ते हसले. "माझं पण नाय. मग उद्या बसू दोघं."
चहा आईनेच केला.