अकरा मुलं, बारा खुर्च्या

सोमवार, ८ जानेवारी

पोचले एकदाची! गास्पेच्या किनाऱ्यावरचं हे घर लहान पण उबदार आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गोठलेली खाडी आणि जुना धक्का दिसतो. शाळेचे शिपाई लुजेर यांनी लाकडं फोडून ठेवली होती, चुलीवर मटाराचं सूपही. पहिली ते तिसरी मिळून अकरा मुलं. घरीदारी सगळी फ्रेंच बोलतात, इंग्रजी फक्त माझ्या तासाला. आधीच्या बाई नाताळात अचानक गेल्या म्हणे. कुठे, ते लुजेरना नीट सांगता आलं नाही. घटस्फोटानंतर आज पहिल्यांदाच सामान लावताना मी गुणगुणले.

गुरुवार, ११ जानेवारी

इंग्रजी बोलण्याचा सराव जोड्यांनी चालतो. एकाने विचारायचं, तू कुठे राहतोस, तुला भाऊ आहे का. दुसऱ्याने पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं, मग ते वहीत उतरवायचं. अकरा मुलं, म्हणजे एक उरणारच. उरलेलं मूल बाराव्या, रिकाम्या खुर्चीसमोर बसतं. प्रश्न विचारतं, थांबतं आणि लिहितं. पाळ्या मुलांनीच लावल्या आहेत. तक्ता भिंतीवर आहे. एकाच मुलाची पाळी सलग दोन दिवस कधीच येत नाही. मला त्यांच्या शिस्तीचं कौतुक वाटलं. दुपारी सगळे घरी जेवायला जातात. मी वर्गातच जेवले, एकटी.

मंगळवार, १६ जानेवारी

वह्या तपासल्या. खुर्चीची उत्तरं सगळ्यांच्या वहीत तीच. ती धक्क्याखाली राहते. तिला भाऊ नाही. तिला एक मैत्रीण होती, ती संपली. एकमेकांचं बघून लिहिता का, असं विचारलं. सात वर्षांची नोएली म्हणाली की तीच तसं सांगते.

बुधवार, १७ जानेवारी

आज नोएलीची पाळी होती आणि तिचे डोळे भरून आले होते. एवढ्याशा मुलीला असं एकटं बसवणं मला पटेना. तिला दुसऱ्या जोडीत घातलं आणि खुर्चीसमोर मी बसले. गंमत म्हणून प्रश्नही विचारले. सगळ्यांनी पेन्सिली खाली ठेवल्या. मग एमेरिक शेजाऱ्याला म्हणाला, "झालं. आता रोज बाईंचीच पाळी."

थट्टाच असणार. तरी विचारते स्वतःला, मी नोएलीसाठी बसले की समोर कुणीतरी हवं होतं म्हणून?

शुक्रवार, १९ जानेवारी

पाळ्यांचा तक्ता मुलांनी काढून टाकला आहे. लुजेरना विचारलं. ते फावड्याने बर्फ ओढत राहिले. म्हणाले, मोठं माणूस बसलं की ती त्यालाच धरते. आधीच्या बाईही दयाळूच होत्या.

सुटायचं कसं, ते मी विचारलं.

"एका पोराला सलग दोन दिवस बसवा, बाई. मग ती त्याची होते." फावडं भिंतीला टेकवून म्हणाले, "त्या आधीच्या बाईंनी नाही बसवलं."

सोमवार, २२ जानेवारी

माझ्या वहीत बुधवारची उत्तरं आहेत. मी फक्त प्रश्न लिहिले होते. अक्षर मात्र माझंच. पूर्वी धक्क्याखाली, आता बाईंकडे. मैत्रीण आहे का? आहे.

खोटं कशाला लिहू. वाचून क्षणभर बरं वाटलं.

मंगळवार, २३ जानेवारी

दुपारी सूप दोन वाडग्यांत वाढलं. माझ्या लक्षात आलं तेव्हा दुसरा वाडगा रिकामा झाला होता. फरशीवर खारं पाणी.

गुरुवार, २५ जानेवारी

नोएली स्वतःहून आली. म्हणाली, मी बसते बाई, दोन दिवस, तुम्ही फार बारीक झालात. मी हो म्हणणार होते. तोंड उघडलं होतं. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे स्वतःला फसवता येणार नाही.

नाही म्हणाले.

शुक्रवार, २६ जानेवारी

शाळेत गेले नाही. बारावी खुर्ची इथे आहे, टेबलाशी. ओली. खिडकीतून दिसतं — धक्क्यापाशी बर्फ फुटलाय —

आता प्रश्न ती विचारते. मी शिकवलेत तसेच, त्याच क्रमाने. पूर्ण वाक्यात हवं म्हणते.

भाऊ — नाही, मला भाऊ नाही.

मैत्रीण —

हात थांबत नाही. कुठे राहतेस, विचारते. मी इथे, या घरात — नाही, हे मी नाही लिहीत — मी धक्क्याखा