दर ऋतूला चित्राचा मुक्काम हलवावा

मी, सुलेखा चारुदत्त गुर्जर, वय बहात्तर, राहणार कोबे, जपान, डोकं ठिकाणावर असताना व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. तब्येत ठणठणीत आहे. यतीन, लगेच फोन करू नकोस.

१. घर भाड्याचं आहे, त्यामुळे त्यावरून भांडायची सोय नाही. बँकेतली शिल्लक माझी मुलं यतीन व ईश्वरी यांना निम्मी निम्मी.

२. ब्रश व रंग नात नुपूर हिला. माझ्या मराठीला ती जपानीत उत्तर देते, पण रंग मात्र शुद्ध मराठीत मागते. सुकलेल्या ट्यूबा कचऱ्याच्या ठरलेल्या वारीच टाकाव्यात. मेल्यावरही शेजाऱ्यांनी नावं ठेवायला नकोत.

३. मंगोलियातल्या गोबी वाळवंटाचं माझं पहिलं चित्र मैत्रीण कश्मिरा हिला द्यावं. त्यात मी राजस्थानी उंट काढून ठेवला, एका वशिंडाचा! तिकडच्या उंटाला दोन असतात. चित्रवर्गातली मंगोलियन ओयुन-सान पोट धरून हसली. कश्मिरा मात्र "अगदी हुबेहूब" म्हणाली होती. घे बाई, तूच ठेव.

४. आता मोठं चित्र: वाळवंट, मेंढ्या आणि गेर, म्हणजे तिथल्या भटक्यांचा लोकरी नमद्याचा गोल तंबू. माझे यजमान म्हणायचे, "वाळूच काढायची तर जुहूला जाऊन काढ की!" पण चहा रोज त्याच चित्रासमोर बसून प्यायचे. ते गेले आणि आई कोणाकडे राहणार यावरून यतीन-ईश्वरीचं कडाक्याचं भांडण झालं. दोघांनाही मी हवी होते, हे माझं भाग्यच. पण त्यापायी अजून अबोला? एक उरायासुला, एक त्सुकुबाला, आणि दिवाळीचा चिवडा मी दोन वेगळ्या खोक्यांत पाठवते. मला फार वाईट वाटतं, स्पष्टच सांगते.

५. म्हणून हे चित्र कोणा एकाचं नाही. गोबीतली माणसं ऋतू बदलला की गेर उचलून नव्या कुरणावर जातात. तसं हे दर ऋतूला एकाकडून दुसऱ्याकडे जाईल. तिथे मुक्काम हलवणाऱ्यांना शेजारी चहा घेऊन सामोरे जातात, असं ओयुन-सान सांगते. चित्र ज्याच्याकडे येईल त्यानेही खाली उतरून चहा द्यावा. आल्याचा, यतीन, मशीनमधला नव्हे.

६. कुरियर चालणार नाही. मी डोळे मिटायची वाटही बघू नये. येत्या रविवारी दोघांनीही कोबेला यावं, गाडी मी ठरवली आहे. एकटा येणारा रिकाम्या हाताने परत जाईल. चित्राला दोन्ही टोकांना माणूस लागतो. एवढा मोठा कॅनव्हास मी उगाच घेतला नव्हता.

सही: सुलेखा चा. गुर्जर

आमच्यादेखत, हसत हसत सही केली:
नरेंद्र सबनीस (सही)
वीणा सबनीस (सही)

कोबे, ९ ऑक्टोबर २०२४