हवेच्या पाइपावरची शिट्टी

कामतघर, भिवंडी
२१ जुलै १९८७

ती. सौ. अक्कास,
धाकट्या चिंतामणीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लिहायला बसतो आणि डोळे मिटतात. सबब सांगत नाही, खरंच. आज मात्र लिहायलाच हवं, कारण दुसऱ्या कुणाकडून तुला कळलं तर माझी धडगत नाही.

प्रमोदिनी पडली. गेल्या मंगळवारी. हाड मोडलेलं नाही, ते आधी सांगतो. धोंडूबाई, म्हणजे हिचं सगळं करते ती वळ गावापलीकडच्या पाड्यावरची बाई, भाताच्या आवणीसाठी चार दिवस गावाला गेली होती. मी सकाळी हिचं खाणंपिणं उरकलं, उशाशी देवघरातली घंटा ठेवली आणि शेजारच्या गॅरेजात कामाला लागलो. झटका आल्यापासून हिची उजवी बाजू गेली, वाचा गेली. काही हवं असेल तर डाव्या हातानं घंटा वाजवते आणि मी गेलो की पाटीवर लिहून दाखवते. एवढाच आमचा संसार आता.

लूमच्या मोटारी दुरुस्तीला येतात माझ्याकडे. आत कापसाचा भुसा असा ठासून भरलेला असतो की हवेच्या बंदुकीनं उडवल्याशिवाय आतल्या तारेच्या वाइंडिंगला हात लावता येत नाही. त्यासाठी कॉम्प्रेसर घेतला. पण तो सुरू झाला की भिंती थरथरतात. साडेअकराला वीज गेली, कॉम्प्रेसर बंद पडला, आणि मला घंटा ऐकू आली. आत धावलो तर ही खाटेखाली, हातात घंटा. पाटीवर लिहून दाखवलंन की दहा वाजल्यापासून वाजवतेय. दीड तास, अक्का. वीज गेली नसती तर मी जेवायच्या वेळेपर्यंत आत आलो नसतो.

पाणीखात्यातली नोकरी मुदतीआधी सोडून हे काम घरी काढलं ते हिला एकटं टाकायला नको म्हणून. अप्पांनी कधीच न आलेल्या मोटारीसाठी बांधलेलं गॅरेज एकदाचं कामी आलं, असं वाटलं होतं. आता सुचेनासं झालंय. फार थकलोय.

तुमच्या दोघांच्या पायांशी कायम असलेला,
चिंतामणी


भुसावळ
२९ जुलै १९८७

चि. चिंतू यास अक्काचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दीड तास ती पोर जमिनीवर! माझ्यासाठी ती अजून पोरच आहे, नऊवारी सावरत आपल्या उंबऱ्यात अडखळली होती तीच. आणि तू मला आठ दिवसांनी कळवतोस? तुझे कान उपटायला तिकीट काढून यावंसं वाटलं.

आता माझं ऐक, मध्ये तोंड घालू नकोस. दिवाळीला आम्ही दोघं येतो आणि परत जाताना प्रमोदिनीला इकडे घेऊन येतो. वरची खोली रिकामी आहे, इथले डॉक्टर चांगले आहेत आणि मला काही दुसरा उद्योग नाही. तू तुझ्या मोटारी फुंकत बस. तुझा जीव तिच्यावर आहे हे मला शिकवू नकोस. पण जीव असून ऐकू येत नसेल तर काय उपयोग?

हे मात्र माझ्याशी सहमत नाहीत. माणसाला खाटेसकट उचलून नेण्याआधी कॉम्प्रेसर उचलून नेऊन बघा म्हणतात. तीस वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपात हवेच्या लाइनी टाकल्या ना, मग त्यांना दुसरं काय सुचणार! त्यांचा निरोप असा: कॉम्प्रेसर मागे न्हाणीघराच्या पलीकडे छपराखाली बसव आणि तिथून लोखंडी पाइपानं हवा गॅरेजात आण. रबरी नळी लांबच्या लांब ओढत बसू नकोस. पाइपाचं काम तुला सांगायला नको, जन्म त्यात गेला तुझा, असं म्हणून हसले. मी हसले नाही. दिवाळीचं माझं ठरलेलं आहे.

जेवत जा वेळेवर. रागावले तरी मायेत खोट नाही, हे तू जाणतोस.

तुझी,
अक्का


कामतघर, भिवंडी
२३ ऑगस्ट १९८७

ती. सौ. अक्कास,
चिंतामणीचा सा. न. वि. वि.

हवेची लाइन झाली. पंचेचाळीस फूट. दुकानातल्या नव्या मालासारखी गुळगुळीत दिसत नसली तरी माझ्या हातची आहे. पाऊण इंची जी. आय. पाइप, मागच्या छपरापासून भिंतीच्या कडेनं गॅरेजापर्यंत, दर पाच फुटांवर क्लॅम्प. आटे मीच पाडले, सफेदा आणि सूत लावून एकेक जोड आवळला. पंधरा दिवस गेले. शिडीवर चढलो की दम लागायचा, मग खालच्या पायरीवर बसून राहायचो. छपन्नाव्या वर्षी हे व्हायचंच. धोंडूबाई रोज म्हणायची की दादा, तुमी म्हातारे झालाव, कोनाला तरी बोलवा. बोलवायला कोण आहे? येणाऱ्याला मग शिकवत बसायचं.

साबणाचं पाणी लावून गळती पाहिली. कुठे फेस आला नाही. कॉम्प्रेसर मागे सुरू केला आणि हिच्या खोलीत येऊन उभा राहिलो. काही नाही! पंख्याचा आवाज ऐकू येत होता. हिनं पाटी घेऊन त्यावर 'शाबास' लिहिलं, शाळेत पोरांच्या वहीवर लिहायची तसं.

पण अक्का, माझं नशीब बघ. तीन दिवसांनी बंदुकीतून हवेबरोबर पाणी उडायला लागलं. चांगलं पाणी, पिचकारीसारखं. दौलतशेटच्या दोन मोटारींना नुकतं व्हार्निश दिलेलं, त्यावर फवारा बसला आणि दोन्ही वाइंडिंगं वाया गेली. पुन्हा सगळं उकलून पुन्हा गुंडाळायचं. धोंडूबाईनं बघितलं आणि म्हणाली की ह्यात हवा न्हाय, पानीच हाय, तुमी नळच बसवलाव. मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही, मोटारी उकलायला घेतल्या.

दुसरं म्हणजे घंटा अजूनही ऐकू येत नाही. बंदूक चालू असली की फुसफुसाटात काही कळत नाही, आणि पंपहाउसात पंचवीस वर्षं काढून माझे कान काही फार तल्लख उरलेले नाहीत. विजेची घंटा बसवावी तर वीज दिवसातून दोनदा जाते. भाऊजींना विचार पाण्याचं काय करू. दिवाळीचं बोलू नकोस एवढ्यात.

तुझ्या शब्दाबाहेर नसलेला, पण थोडी मुदत मागणारा,
चिंतामणी


भुसावळ
१ सप्टेंबर १९८७

चि. चिंतूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं तर हे जेवता जेवता हसत सुटले, ठसकाच लागला. म्हणाले, अगदी बरोबर, पाणीखात्याचा माणूस हेच करणार! पाइपाला गॅरेजाच्या बाजूला उतार दिला असशील आणि बंदुकीचा फाटा मुख्य पाइपाच्या पोटातून खाली काढला असशील, नळाची तोटी काढतात तसा. हवेत ओल असते, पाइपात थंड झाली की तिचं पाणी होतं आणि ते सगळं घरंगळत तुझ्या बंदुकीत. पाण्याच्या लाइनीला पाणी हवं असतं, हवेच्या लाइनीला नको असतं, एवढं चिंतूला सांग म्हणाले.

तेव्हा फाटा पाइपाच्या पाठीवरून वर काढायचा आणि मग वळवून खाली आणायचा. उतार राहू दे, पण लाइनीच्या शेवटी एक तुकडा सरळ खाली सोडून त्याला कॉक लावायचा आणि रोज सकाळी पाणी सोडून द्यायचं. मी जसं ऐकलं तसं लिहिलंय, माझ्या डोक्यावरून गेलं.

सोबत पार्सल आहे. त्यात पितळेची शिट्टी आहे. ह्यांनी कधीतरी जुन्या बाजारातून आणून डब्यात ठेवलेली, मी दोनदा भंगारात द्यायला काढली होती. हे म्हणतात, तुझ्याकडे हवा आहे ना, मग विजेची घंटा कशाला? बारीक पाइप प्रमोदिनीच्या खाटेपर्यंत ने, तिथे कॉक बसव, पुढे गॅरेजात शिट्टी. तिनं बोट लावलं की वाजेल. वीज गेली तरी टाकीत हवा असतेच. बहिऱ्यालाही ऐकू येईल म्हणतात, आणि हे मी मुद्दाम लिहिलं.

तुला मुदत दिली. पण दिवाळीची तिकिटं काढून ठेवली आहेत, तीन परतीची.

काळजीनं वैतागलेली,
अक्का


कामतघर, भिवंडी
४ ऑक्टोबर १९८७

ती. सौ. अक्कास,
चिंतामणीचा साष्टांग नमस्कार.

भाऊजींना सांग, पाण्याचा प्रश्न सुटला. रोज सकाळी कॉक उघडला की वाटीभर गढूळ पाणी निघतं. शिट्टीही बसवली. वाजते अशी की शेजारचे लडकूशेट लूम थांबवून बघायला आले.

आणि आता ऐक. मी हरलो.

पहिले दोन दिवस ठीक गेले. मग ही सारखी वाजवायला लागली. अर्ध्या अर्ध्या तासानं. हातातली बंदूक टाकून, हात पुसून, धावत आत जातो तर हिला काही नको असतं. पाणी नको, कूस बदलायला नको. नुसती माझ्याकडे बघते, टक लावून, वरपासून खालपर्यंत, आणि मग हात हलवून जा म्हणते. पाटीवर काही लिहीत नाही. परवा एकाच सकाळी सात वेळा. डाव्या खांद्यात पाइप वाहिल्यापासून चमक आहे, ती जात नाही, आणि त्यात ही धावपळ. सातव्या वेळी मी ओरडलो तिच्यावर. म्हणालो, तुला खेळणं आणून दिलंय का हे? बावीस वर्षांत मी तिच्यावर ओरडलो नव्हतो. तिनं भिंतीकडे तोंड केलं. धोंडूबाई दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

वाचा गेली तशी समजही चाललीय की काय, कोण जाणे. डॉक्टरांनी तशी शक्यता सांगितली होती. तू म्हणत होतीस तेच बरोबर. दिवाळीला या आणि तिला घेऊन जा. माझ्यानं होत नाही आता. लाज वाटते लिहायला, पण होत नाही.

तुझा,
चिंतामणी


कामतघर
९ ऑक्टोबर

ती. वन्संना,
सौ. प्रमोदिनीचा डाव्या हातानं नमस्कार. अक्षराला हसू नका. शाळेत अशा अक्षराला मी छडी दिली असती.

ह्यांनी तुम्हाला काय लिहिलं ते मला ठाऊक आहे. पत्र टाकायला धोंडूबाईकडे दिलं, तिनं आधी मला आणून दाखवलं. मग टाकलं. तिला रागावू नका. हे पत्रही तीच टाकणार आहे. तीन दिवस थोडं थोडं लिहितेय.

माझी समज गेलेली नाही.

कॉम्प्रेसर शेजारी होता तेव्हा मला त्रास व्हायचा, खरं. पण त्याचा आवाज थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. हवा संपली की तो सुरू होतो. म्हणजे हे हवा वापरताहेत. म्हणजे हे उभे आहेत. मी पडून पडून एवढं शिकले. आता सगळं मागे गेलं. सकाळपासून दुपारपर्यंत मला काहीच ऐकू येत नाही.

तुम्हाला यांनी शिडीचं लिहिलं असेल. पायरीवर बसले ते लिहिलं असेल. धोंडूबाईनं पाहिलं ते लिहिलं नसेल. चेहरा काळा पडलेला, छाती धरून बसलेले, घाम. दोनदा झालं. तिला शपथ घातली मला सांगायचं नाही म्हणून. तिनं तिथून सरळ येऊन मला सांगितलं. खांद्यात चमक पाइप वाहून नाही वन्सं. माझे वडील असेच गेले. चमकच म्हणत होते.

मी पडले तेव्हा माझ्या हातात घंटा तरी होती. हे तिथे पडले तर मला कोण सांगणार? म्हणून वाजवते. हे येतात, मी रंग बघते, ओठ बघते, घाम बघते. बरे दिसले की परत पाठवते. पाटीवर काय लिहू? छातीचं लिहिलं की हसून पुसून टाकतात. मागच्या महिन्यात दोनदा पुसलं.

तीन तिकिटं काढलीत. त्यातलं तिसरं ह्यांना द्या. डॉक्टरांना दाखवा. मोठ्या बहिणीचं ऐकतील, माझं ऐकत नाहीत. मी धोंडूबाईबरोबर राहीन आठ दिवस. मला कुठे नेऊ नका. मी इथेच बरी आहे, ह्यांच्याजवळ.

आणि भाऊजींना विचारा दुसरी शिट्टी मिळेल का. एकच पुरत नाही. एक माझ्या खोलीत हवी, तिचा कॉक गॅरेजात. हे मधून मधून वाजवतील. मग मी मुळीच बोलावणार नाही. तसं लिहून देते.

हात दुखला. अकरा वाजले. मघापासून अर्धा तास होऊन गेला. वाजवते आणि पत्र उशीखाली ठेवते, तोवर माफी असावी.

आले. ओरडले. रंग चांगला आहे.

तुमचीच,
प्रमोदिनी