दुपट्ट्यावरचा मेर्लो

म्हैसूर, शनिवार संध्याकाळ

सुमाच्या ऑफिसातला निखिल आज मेर्लो वाईनची बाटली घेऊन आला. वायनरी बघून आलाय म्हणे. रस सालांसकट मुरवतात, वर आलेली सालं रोज खाली दाबतात, त्यातून हा लाल रंग उतरतो. मग ओकच्या पिंपात. सुमा डोळे मिटून ग्लास हुंगत होती, त्याने शिकवलं तसं. रंग कसा उतरतो हे मला सांगतो? आम्ही पिढीजात रंगारी! वाईन चांगली होती, तेच जास्त झोंबलं.

हसता हसता तिने दुपट्ट्यावर सांडली. डाग काढायला मी थंड पाणी आणायला उठलो, तर म्हणाली, "अय्यो, असू दे हो. किती छान रंग आलाय!"

तो दुपट्टा मी रंगवलेला. आमच्या लग्नासाठी. त्या रंगाबद्दल आजवर एक शब्द नाही.